मरोद्याले सोडून द्या

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. कोणावर तापते, ते मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

मी पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मजुरीला आले होते. कोणाची चिठ्ठी नाही, कोणाची ओळख नाही. जे मिळवले ते भांडून आणि घासाघीस करून मिळवले. हुडको वसाहतीतल्या भाजीवाल्यापासून कोर्टातल्या वकिलापर्यंत सगळ्यांशी सौदा करत आलो, त्यामुळे समोरचा माणूस खोटे बोलायला लागला की आपल्याला लगेच कळते, अशी माझी पक्की समजूत होती.

तेव्हा मी रायपूर-भिलाई हायवेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सोमवारी सकाळी, हजेरी चालू असताना, साठी उलटलेला एक गृहस्थ आला. प्लांटमधून निवृत्त झालेला फिटर, राहणार भिलाईलगतचे मरोदा. निवृत्तीनंतर चार वर्षे खपून त्याने घरामागच्या शेडमध्ये एक बग्गी बनवली होती. उघडी, मोठ्या चाकांची, चिखलात पळवायची मोटार. वेल्डिंगचा एकेक टाका स्वतःच्या हाताचा. रविवारी ती ट्रॉलीवर चढवून, ट्रॉली आपल्या जीपमागे जोडून तो रायपूरच्या प्रदर्शनात घेऊन गेला होता. परत येताना कुम्हारीजवळ जीपचा क्लच गेला.

त्याच्याकडे रस्त्यावर मदत देणाऱ्या एका कंपनीची मेंबरशिप होती. दुपारी त्याने फोन लावला. क्रेन आली आणि जीप घेऊन गेली. जीपसोबत तोही भिलाईत सुपेल्याच्या गॅरेजला गेला. ट्रॉली आणि बग्गी एका ढाब्यासमोर ठेवली होती, तिच्यासाठी दुसरी क्रेन येईल असे ठरले होते. संध्याकाळपर्यंत बग्गी घरी पोचली नाही. सकाळी ढाब्यावर जाऊन पाहिले तर जागा रिकामी.

"साहेब, चोरी झाली. लिहून घ्या."

मी ढाब्यावर शिपाई पाठवला. ढाबेवाला म्हणाला, "चोरी कैसी? अंकल की ही क्रेन आई थी, ले गई." मी कंपनीला फोन लावला, तर दुपारच्या आत त्यांचा माणूस लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आला. अर्जात म्हटले होते की पॉलिसीत फक्त जीप आहे, ट्रॉली नाही. हे सांगितल्यावर ग्राहकाने वाद घातला आणि शेवटी रागाने ट्रॉलीवरचा हक्क सोडला. आता नुकसानभरपाई उकळण्यासाठी तो चोरीचा बनाव करत आहे. सोबत कॉलची टंकलिखित नक्कल होती. ग्राहक मराठी म्हणून कंपनीने मराठी बोलणारा मुलगा लाइनवर दिला होता. त्याने ग्राहकाचे शेवटचे वाक्य असे लिहिले होते: 'ट्रॉली मरू द्या. सोडून द्या.'

मला वाटले, प्रकरण संपले. स्वतःच माल हलवायचा आणि चोरी नोंदवायची, असे बनाव मी अनेक पाहिले होते.

फिटरला मी सकाळपासून बाकावर बसवून ठेवले. दुपारी आत बोलावले.

"माल कुठे लपवला?"

"साहेब, मी माहीच बग्गी काऊन लपवीन?"

"मग हे काय? मरू द्या म्हणालास ना?"

"मी असं म्हणलोच नाही. चार वर्षं घासली तिले. मरू दे म्हणीन का मी?"

"लिहिलेलं खोटं आहे का?"

"लिहिणाऱ्याले इचारा ना. मले काऊन झाडून राहिले?"

मी टेबलावर हात आपटला. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे केले. दुसऱ्या दिवशी मरोद्याला त्याच्या घरी झडती घेतली. आजूबाजूचे लोक फाटकाशी उभे होते. रिकाम्या शेडमध्ये माझे शिपाई पत्रे उचलून पाहत होते आणि तो एका कोपऱ्यात उभा होता. त्याची बायको एवढेच म्हणाली, "तीस वर्षं ड्युटी केली यानं, एक मेमो नाही भेटला कधी. आता पोलीस आले घरी." मला ते नाटक वाटले.

खबर मिळाली तिसऱ्या दिवशी, तीही आपोआप. ढाब्याशेजारचा पंक्चरवाला माझ्या ड्रायव्हरला म्हणाला, "क्रेन ह भिलाई डहर नइ गिस साहब, कबाड़ी डहर मुड़ गे." म्हणजे क्रेन भिलाईकडे गेलीच नव्हती, भंगारवाल्याकडे वळली होती. हे पहिल्या दिवशी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, "मोला पूछिस कोन?" मला विचारले कोणी?

क्रेनवाल्याला उचलले. तो जीप घेऊन गेलेलाच निघाला. घाबरला नाही, उलट मोबाइल दाखवला. कंपनीचा निरोप होता: दुसरी फेरी रद्द, पार्टीने ट्रेलर छोड़ दिया.

"छोड़ा हुआ माल उठाया साहब. इसमें चोरी क्या है?"

"तर मग ढाब्यावर पार्टीने पाठवलं असं का सांगितलंस?"

तिथे तो अडकला. पण त्या निरोपामुळे त्याला पळवाट मिळत होती. मूळ रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. कंपनीचा विधी अधिकारी फोनवर म्हणाला, गोपनीयता आहे, वरून परवानगी लागेल. इथे माझा जुना धंदा कामी आला. मी म्हटले, "ठीक आहे. क्रेन तुमची, निरोप तुमचा, माल भंगारात. कटात सामील म्हणून नोटीस कोणाच्या नावाने काढू, तुमच्या की तुमच्या साहेबांच्या?" तासाभरात रेकॉर्डिंग आले.

ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर लावले. आधी वाद. मुलगा पुन्हा पुन्हा सांगतो, पॉलिसीत गाडी आहे, ट्रॉली नाही. फिटर म्हणतो, "अरे बाबू, ट्रॉली गाडीच्याच मागं आहे ना? लेकराचं बोट धरून बाप बसमध्ये चढते, तं लेकराले खाली ठेवता का?" मुलगा म्हणतो, दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे लागतील. मग फिटर दमून म्हणतो, "घे बाबा वेगळे. ट्रॉली मरोद्याले सोडून द्या."

मी थांबवून पुन्हा लावले. मरोद्याले. मरोद्याला. त्याच्या घरी.

तो मुलगा लांबच्या शहरात बसलेला. मरोदा त्याने कधी ऐकले नव्हते, आणि आमच्याकडचे 'ले' त्याच्या कानाला नवीन. 'घे बाबा' हा त्याने वैताग समजला, आणि पोचवून द्या म्हणणारा माणूस त्याला टाकून द्या म्हणताना ऐकू आला. तो चुकला, समजू शकतो. पण मी? मी भिलाईत वाढलो. माझी आई मरेपर्यंत 'बाजारले जाते' म्हणत होती. तीन दिवस तो कागद माझ्या टेबलावर पडून होता आणि ते वाक्य म्हणणारा माणूस, रोज बोलावून बसवलेला, समोरच्या बाकावर. त्याला एकदाही विचारले नाही की बाबा, मग तू नेमके म्हणालास तरी काय.

भंगारवाल्याच्या आवारात पोचलो तेव्हा गॅस कटरने कापलेले पाइप ढिगात पडले होते. "कल ही काटा साहब," तो म्हणाला. काल, म्हणजे मी मरोद्याच्या शेडमध्ये पत्रे उचलत होतो तेव्हा. ओळखीसाठी फिटरला आणले. त्याने एक तुकडा उचलला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माहाच आहे." पंचनाम्यावर सही केली. माझ्याकडे पाहिले नाही.

मला कंपनीवर गुन्हा लावायचा होता. वरून सांगण्यात आले, त्यांचे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे. आरोपपत्र क्रेनवाला आणि भंगारवाला यांच्यावर गेले. कंपनी माझ्याच आरोपपत्रात साक्षीदार म्हणून बसली! तडजोडीला त्यांचा मॅनेजर आला. मी फिटरच्या बाजूने भाव वाढवत गेलो आणि चांगली रक्कम कबूल करून घेतली. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता.

फिटर म्हणाला, "पैसे राहू द्या. मी बनाव केला असं लिहिलं यांनी, ते चूक होतं, इतकं लिहून द्या म्हणा."

मॅनेजर तेवढ्याला तयार नव्हता. त्याने दिलेल्या पत्रात 'भाषेच्या अडचणीमुळे झालेल्या गैरसमजाबद्दल खेद' होता. पॉलिसीत ट्रॉली नव्हती, हेही त्यात पुन्हा लिहिले होते. फिटरने पत्र परत केले आणि पैसेही घेतले नाहीत. मी त्याच्यावर चिडलो. आजही चिडतो. एवढा सौदा जमवून दिला होता.

कोर्टाच्या आदेशाने तुकडे परत द्यायचे होते. ते घेऊन मी स्वतः मरोद्याला गेलो, माफी मागायची ठरवून. त्याने माल उतरवून घेतला. सहीसाठी कागद पुढे केला. आमच्या प्रत्येक बयानाखाली, पावतीखाली एक ठरलेली ओळ असते, 'पढ़कर सुनाया गया, सही पाया.' ती आधीच टाइप केलेली असते. ठाण्यातला लेखनिक मुंशी ती कधी वाचून दाखवत नाही आणि मीही कधी दाखवायला लावले नाही. त्या बाकावरच्या तीन दिवसांतल्या त्याच्या बयानाखालीही ती होती.

फिटरने त्या ओळीवर बोट ठेवले.

"कोणं सुनावलं?"

मी पेन पुढे केला.

"सुनवा मंग."

त्याच्या फाटकात उभे राहून, शेजारी बघत असताना, मी तो कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचला. लोखंडी पाइपचे तुकडे, कापलेले. चाके चार. स्टीयरिंग एक. त्याने शेवटपर्यंत ऐकले, मग सही केली आणि फाटक लावून घेतले. माफीचे बोलायचे राहून गेले.