काहून विचारायची सवय

बाबा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायचे. हंगाम सरला की जिन बंद, आणि आमच्या घरी चूल पेटायची ती फक्त संध्याकाळी. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, विमानदुरुस्ती शिकले आणि नोकरीसाठी हैदराबादला निघाले. मूर्तिजापूरच्या फलाटावर आई म्हणाली, "माय, तिथं लोकाईले काहून-काहून करू नको. कोनी ठेवून घेनार नाई."

बाबा म्हणाले, "विचारू दे वं तिले. न विचारता मी जलम काढला, काय भेटलं?"

मी आईचं ऐकलं, 'का' विचारणं सोडलं. विमानं दुरुस्त होतात त्या हँगरमध्ये वरिष्ठ 'ओके' म्हणाले की ओके. गावातही तेच होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही.

मग देशात तो मोठा विमान अपघात झाला, कितीतरी माणसं गेली. सारा देश टीव्हीसमोर बसला होता. आईचा फोन आला, "वापस ये. अकोल्याले मास्तरीन हो, पन ते इमान सोड."

मी गेले नाही. आता इथं काय बदलतं, ते मला बघायचं होतं. तपासण्या वाढल्या, ते तर होणारच होतं. पण आमच्याकडे आणखी एक रीत आली: शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांत नव्या माणसानं आधी बोलायचं, वरिष्ठांनी शेवटी. शंका आली तर कोणीही काम थांबवायचं. माझं 'काहून' तिथं पुन्हा सुरू झालं. महिनाभरात तेलुगू पोरांनाही ते पाठ.

एका सकाळी चाकाजवळ ब्रेकच्या तेलाच्या पाइपवर ओल दिसली. आमचे वरिष्ठ अण्णा म्हणाले, "धुतल्याचं पाणी आहे." विमान तपासून सही करायच्या माझ्या परवान्यासाठी त्यांचीच शिफारस लागणार होती. तरी तोंडातून गेलंच, "मग एकाच पाइपवर काहून?"

"तुमच्या गावात दुसरा शब्द मिळत नाही काय?" अण्णा म्हणाले, पण पॅनल उघडायला लावलं. विमान लेट झालं, तिकडे प्रवासी चिडले. आत काहीच निघालं नाही. पाणीच होतं. मला वाटलं, गेला परवाना.

अण्णा हात पुसत म्हणाले, "आधी मला वाटत होतं पाणी आहे. आता माहीत आहे."

पूर्वी याच गोष्टीवर कितीतरी दिवस टोमणे ऐकले असते. एवढी माणसं गेल्यावर हे सुचावं, याचं वाईट वाटतं. पण त्या दिवसापासून हैदराबाद मला परकं वाटत नाही. जिथं विचारलेलं चालतं, ते माझं घर.

अण्णांनी शिफारस केली. यंदा परवाना मिळाला. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि विमान उडायच्या लायक आहे असं सांगणारी सही आता माझी असते.