भट्टी दुसऱ्याची, टॉवरही दुसऱ्याचा

जवळ सरक जरा. कागदावरच का होईना, पण जवळ बस, कारण मी रागावणार आहे. परवा फोनवर नव्या नोकरीचं सांगताना तू म्हणालीस, आमच्या कंपनीचा स्वतःचा एकही टॉवर नाही, आम्ही दुसऱ्याकडून मिनिटं घाऊक घेऊन आमच्या नावानं विकतो, आणि जाऊ दे मावशी, तुला नाही कळायचं. एवढं बोलून फोन ठेवलास. शाळा माझी सातवीतच सुटली, ते खरं. पण हा धंदा मी स्वतः केलाय बाई. टॉवरचा नाही, नानकटाईचा.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही देवासला होतो. तुझे काका कारखान्यात, राहायला क्वार्टर. कॉलनीतल्या आपल्या बायकांना नानकटाई हवी असायची साजूक तुपाची, आणि अंड्याचा हात न लागलेली. मी म्हटलं, आपण करू. आधी मागच्या अंगणात भट्टीच बांधायला निघाले होते. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. मग डोक्यात आलं, माझ्या ऑर्डरी आठवड्यातून दोन दिवस, आणि तेवढ्यासाठी थंड भट्टी दर वेळी नव्यानं तापवायची म्हणजे नानकटाईपेक्षा लाकूडच जास्त.

बाजारात एका चाचांची बेकरी होती. पहाटे त्यांचे पाव आणि टोस्ट निघायचे, आणि दुपारी बारानंतर भट्टी नुसती गरम असायची, आत काही नाही. मी विचारलं, दुपारी माझे ट्रे लावाल का? ट्रेमागे भाडं ठरलं. ट्रे माझे, वेगळे, खूण केलेले. चाचा लगेच हो म्हणाले, आणि तेच मला कळेना. नानकटाई तेही विकत होते. आपल्याच भट्टीत आपला प्रतिस्पर्धी कोण भाजू देतो? बरेच दिवस हे मनात घोळवलं आणि एकदा विचारलंच.

ते म्हणाले, "बाई, तुम्हारी कॉलोनी की औरतें मेरी दुकान पे कब आती थीं? और भट्टी तो वैसे भी गरम है."

तुझ्या कंपनीत याला मोठा शब्द असेल. मला एवढं पुरलं. ज्याची भट्टी आहे त्याचं लाकूड जळून गेलेलं असतं, वरून जे येईल ती कमाई. आणि जे गिऱ्हाईक त्याच्या दारात कधी येणारच नाही, ते मी आणते.

एका दिवाळीला लोभ सुटला. पुष्कळ ट्रे आधीच ठरवून घेतलेस तर भाडं कमी लावीन, असं चाचा म्हणाले. मी ठरवून टाकले. त्या साली कारखान्याचा बोनस लांबला आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्या. रिकाम्या ट्रेचंही भाडं द्यावं लागलं, कारण बोलणंच तसं झालं होतं. तुझ्या कंपनीला विचार, तुम्ही लागतील तेवढी मिनिटं घेता की आधीच बांधून घेतलीत. विचार खरंच, मला ऐकायचंय.

आता धारची गोष्ट, तिच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

माझे धाकटे दीर गेल्यावर तिथे जावेला एसटीडी बूथ मिळाला होता. पिवळा बोर्ड, काचेची कॅबिन, आत पंखा. घर त्याच्यावर चाललं, दोन्ही मुलींची लग्नं त्याच्यावर झाली. रविवारी तर पायरीवर माणसं नंबर लावून बसायची. पुढे मोबाइल आले आणि दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा कॅबिनमध्ये ती झाडू ठेवायला लागली होती. अशात एक कंपनीचा माणूस आला, तिशीतला, टाय लावलेला. नवा मोबाइल, दर इतरांपेक्षा कमी, बाजारपेठेत एकच दुकान देणार, ते तुमचं. अट एवढीच की कॅबिन काढायची, तारेचा फोन परत करायचा आणि त्या जागी आमचं काउंटर लावायचं. जावेनं विचारलं, तुमचा टॉवर कुठला? त्यानं जो दाखवला त्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं. तिनं मला फोन केला, "अक्का, ज्याचा टॉवर नाही तो मोबाइल काय विकणार? हा ठग आहे का ते बघायला या."

मी इंदूरला बस बदलून दुसऱ्या दिवशी धारला पोचले. मला तर कधी एकदा त्या माणसाला विचारते असं झालं होतं. तो ठग नाही, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. टॉवर उभा आहे, दिवसभरात कितीतरी वेळ तो रिकामा असणार, आणि हा आपले ट्रे घेऊन आलाय. पण जावेला नुसत्या बोलण्यानं पटेना. तेव्हा लाइट रोज जायची. तिच्याकडे टॉवरवाल्याच कंपनीचा मोबाइल होता, त्याच्या शेजारी आम्ही या माणसाचा हँडसेट ठेवला आणि वाट बघत बसलो. तीन दिवस लाइट गेली की टॉवरचं जनरेटर सुरू व्हायचं, काही कळायचं नाही. चौथ्या दिवशी जनरेटर रुसलं. दोन्ही फोनच्या सिग्नलच्या कांड्या एकदमच गेल्या, आणि तासाभरानं आल्या त्याही एकदम. जाऊ म्हणाली, म्हणजे खरंच त्याच चुलीवर शिजतंय.

मग तो आला तेव्हा मी दोन गोष्टी विचारल्या. दिवाळीत सगळे एकदम फोन करतील तेव्हा आधी कोणाचा लागेल, टॉवरवाल्याच्या गिऱ्हाइकाचा की तुमच्या? तो हसला, म्हणाला, माताजी, हे मला आजवर कोणी विचारलं नाही, वर विचारून सांगतो. दुसरं विचारलं, तुमची किती मिनिटं कुठल्या गावात खपतात ते टॉवरवाल्याला दिसतं का? तो म्हणाला, दिसणारच, मोजतो तोच.

इथे मला देवासची भट्टी आठवली. कारण चाचांकडेही माझा एकेक ट्रे त्यांच्या हातातून जात होता. कोणत्या आठवड्यात किती, कुठल्या सणाला किती, त्यांना माझ्याइतकंच माहीत. पाच-सहा वर्षांनी त्यांच्या मुलानं बिनअंड्याची, साजूक तुपाची पाकिटं काढली आणि कॉलनीच्या फाटकाशीच विकायला ठेवली. भांडण नाही झालं. भट्टी त्यांचीच होती.

हे मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग ठरवू. हँडसेट ठेवून घेतला.

पाडव्याला संध्याकाळी तिनं देवासला माझ्या घरच्या फोनवर दोन्ही मोबाइल आणि बूथ, असं पाळीपाळीनं तिन्हीकडून लावून पाहिलं. माझं भट्टीचं गणित इथे चुकलं बघ. मला वाटलं होतं टॉवरवाला आपले ट्रे आधी लावील. तसं काही दिसलं नाही, दोन्ही मोबाइल सारखेच व्यस्त. आणि बूथवरनं पहिल्याच झटक्यात लागला. ती नुसती हसत होती. म्हणाली, अक्का, बाहेर सात माणसं उभी आहेत, मुंबईला लावायचाय, पुण्याला लावायचाय, कॅबिनमधून झाडू बाहेर काढावा लागला.

भाऊबीज उलटल्यावर तो माणूस कागद घेऊन आला. तिनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "देखो भिया, तुम्हारा फोन मैं बेचूँगी, मन से बेचूँगी. लेकिन कॅबिन नहीं निकलेगी."

तो उठून गेला. ते पंधरा दिवस जाऊ नीट जेवली नाही. मीच तिला अडवलं, असं माझ्याही मनाला लागलं होतं. सोळाव्या दिवशी तो आला आणि कॅबिनच्या शेजारी एक लहानसं काउंटर लावून गेला.

विकलं तिनं, चांगलं विकलं. काही वर्षांनी एक दिवस त्या कंपनीचं नावच गेलं, गिऱ्हाइकं सगळी टॉवरवाल्याकडे, काउंटर उचलून नेलं. तोवर जाऊ कॅबिनमध्ये खुर्ची टाकून सगळ्याच कंपन्यांचं रिचार्ज करायला लागली होती. अजून तिथेच बसते. पंखा तोच आहे.

म्हणून म्हणते, तुझी नोकरी वाईट नाही, उलट मला फार गमतीची वाटते. फक्त एकदा बघून ठेव, तुमचे ट्रे कोण मोजतं. आणि हे फोनवर नको सांगूस. दिवाळीची वाट न बघता, सुट्टी मिळेल तेव्हा लवकर ये. देवासला दोन दिवस माझ्याकडे राहा, मग आपण दोघी धारला जाऊ. जाऊ तुला काचेच्या आत बसवील, आणि दिवाळीत आधी कोणाचा फोन लागतो, याचं उत्तर त्या टायवाल्यानं मला अजून दिलेलं नाही, ते तू देशील.