भट्टीतला जास्तीचा तास

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या बाबांना निर्दोष ठरवलं. संगणकावर. ते चुकीचं होतं, आणि ती चूक माझी होती.

माझं काम सांगायला सोपं आहे, करायला डोकेफोड. पोलाद बाहेरून एकसंध दिसतं, पण आत एकमेकांना चिकटलेले बारीक दाणे असतात. भट्टीत तापलं की मोठे दाणे लहानांना गिळत सुटतात. किती तापवलं, किती वेळ ठेवलं, त्यावरून आत शेवटी काय उरेल, हे मी संगणकावर घडवून बघते. इथल्याच एका कॉलेजात शिकवते आणि उरलेला वेळ या दाण्यांच्या मागे घालवते. आई म्हणायची, आमची पोरगी न दिसणाऱ्या गोष्टींचा पगार घेते.

बाबा शहराबाहेरच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. मी पहिलीत असताना त्यांनी तापवलेली एक जाड पोलादी पिन तिथल्याच धातू दाबायच्या प्रेसमध्ये बसवली, आणि ती महिन्याभरात मोडली. तुकडा उडाला तो तिथेच कामाला असलेल्या बाबांच्या जिवलग मित्राला लागला. दोन दिवस दवाखान्यात काढून तो गेला. चौकशी झाली, 'जुनी भेग' लिहून फाइल बंद झाली. बाबांवर कोणी बोट ठेवलं नाही. त्यांनी स्वतःच नोकरी सोडली आणि कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे धान्य पारखायच्या कामाला लागले. मित्राचं घर जरीपटक्याला. तिकडून जायची वेळ आली की बाबा स्कूटर वळवायचे आणि उगाच दोन मैल जास्त फिरायचे.

आमच्या घरातून मात्र तो माणूस कधी गेलाच नाही. जेवताना बाबा मध्येच थांबायचे आणि दाराकडे बघायचे, कोणी हाक मारली असावी तसे. लहानपणी मला त्या माणसाचा राग यायचा. मेलेल्या माणसाचा काय राग करायचा, पण यायचा.

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, कूलरसमोर बसल्या बसल्या बाबांनी रेशन कार्डाच्या पिशवीतून एक फोटो काढला. मोडलेल्या पिनचा, सूक्ष्मदर्शकातून घेतलेला. चौकशीच्या वेळी मिळालेली ती प्रत त्यांनी इतकी वर्षं जपली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"तुहा कंप्यूटर सांगते का वं," ते म्हणाले, "माल एक तास ठेवाचा होता, दोन तास राहिला. मी तिथं नव्हतो. त्या एका तासानंच झालं का ते?"

"कुठे होता तुम्ही?"

"काम होतं," म्हणाले, आणि फोटो माझ्या हातात दिला.

मी कामाला लागले. फोटोतले दाणे मोजले, त्यांची सरासरी काढली. संगणकावर तशीच भट्टी पेटवली, एक तास, मग दोन तास. दोन्हींतला फरक नखभर, आणि फोटोची सरासरी दोन्हींना चालून जाणारी. म्हणजे जास्तीच्या तासानं काही बिघडवलं नव्हतं. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला आणि ते ढसाढसा रडले. पुढच्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून जरीपटक्याला गेले. मग दर रविवारी जाऊ लागले. काकू, म्हणजे मित्राची बायको, त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसत. घरी बाबा जेवताना थांबेनासे झाले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दिवाळीनंतर एकदा बाबा म्हणाले, "दाखव तर, कसं पाहिलं तू ते." मी तोऱ्यात लॅपटॉप उघडला. पडद्यावर दाणे एकसारखे, सावकाश वाढत गेले. बाबांनी खिशातून फोटो काढून बाजूला धरला.

"याच्यातले मोठे कुठं आहेत?"

फोटोत चार दाणे होते, बाकीच्यांच्या दहापट, वेडेवाकडे पसरलेले. माझ्या पडद्यावर तसा एकही नव्हता.

"सरासरी जुळते ना, बाबा."

"सरासरीनं माल कोणी घेते का? पोत्यात हात घालते माणूस, अन् मोठा काय, बारीक काय, ते पाहाते." त्यांनी फोटो पुन्हा खिशात ठेवला आणि ते उठून गेले.

ते चार दाणे मला पहिल्या दिवशीच दिसले होते. खोटं कशाला बोलू? मला जे उत्तर हवं होतं त्यात ते बसत नव्हते, म्हणून मी त्यांना सरासरीत बुडवून टाकलं. तशा पोलादात अतिबारीक कण असतात, ते दाण्यांना जागच्या जागी अडवून धरतात. सोपं पडावं म्हणून मी ते वगळले होते. आता घातले. पहिला तास संपेपर्यंत सगळं शांत. दुसऱ्या तासात ते कण उष्णतेनं विरघळू लागले, चारपाच दाणे सुटले आणि आजूबाजूचे सगळे खात गेले. शेवटी पडद्यावर तोच फोटो होता. तेव्हापासून मला ते दाणे कॉलेजच्या मोझॅकच्या फरशीतही दिसतात. मी त्यावर पाय ठेवायचं टाळते, वेड्यासारखी.

मी हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, माझ्या तोंडावरूनच ओळखलं असावं. रविवारी ते जरीपटक्याला गेले आणि लवकर परत आले.

"सांगून आलो तिले," म्हणाले. "माह्याच तासानं झालं म्हणून."

मी चिडलेच. "काहून सांगितलं? कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"तिले मालूम होतं. त्यानंच सांगितलं होतं तिले, दवाखान्यात. कोणाले बोलू नको म्हणे, दोस्ताची नोकरी जाईल." बाबा चपला काढायचे विसरून तसेच दारात उभे होते. "शाळेतून फोन आला होता. तुले ताप भरला होता, अन् तुही आई भिवापूरले माहेरी. फोन त्यानंच उचलला. मले म्हणे, जाय गा, पोरीले घेऊन ये, भट्टी कुठं पळून चालली."

मी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"म्हणे, भाऊजी, हे पोरीले नका सांगू."

तो तास मी संगणकावर किती वेळा चालवून पाहिला होता. एक एक मिनिट तोडून, पुढेमागे करून. त्या तासात मी बाबांच्या खांद्यावर डोकं टाकून घरी येत होते.