धाकटीच्या बोटांचे ठसे

थोरली गेली अकरा वर्षं व्हिसाच्या ऑफिसात एकच काम करत होती. परदेशी कायमचं राहायला निघालेल्या लोकांची बोटं धरून ठशांच्या मशीनच्या काचेवर ठेवायची. आधी डाव्या हाताची चार, मग उजव्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. "हात सैल सोडा. तुम्ही दाबू नका, मी दाबते," हे वाक्य तिच्या तोंडून दिवसातून साठ वेळा निघे. ठसा नीट उमटला की पडद्यावर हिरवी पट्टी, नाहीतर लाल. मग फोटो, सही, आणि चला पुढचा नंबर.

या जाणाऱ्यांचा तिला हेवा वाटे, पण पाच मिनिटांपुरताच. माणूस खुर्चीवरून उठला की हेवाही उठून जाई. घरातल्या माणसाचं तसं होईना.

सात वर्षांपूर्वी तिनंही नवऱ्याचा आणि स्वतःचा अर्ज केला होता. दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. नवरा म्हणाला, "बरं झालं, इथं काय वाईट आहे?" आणि त्यानं पत्राची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. विषय संपला. थोरलीच्या मनात मात्र तो संपला नव्हता.

आणि आता धाकट्या दिराचा अर्ज पहिल्या झटक्यात पुढे सरकला. धाकट्या जावेला फॉर्ममधला कुठला रकाना कशाचा हेसुद्धा थोरलीनंच समजावलं होतं, आणि जाणार कोण, तर ती! सासूबाई येईल त्याला सांगत, "आमच्या धाकटीचा पायगुणच तसा." थोरली हसून पाहुण्यांपुढे चहा ठेवी आणि आत जाऊन उगाच डबे आपटी.

दिराचे ठसे आठवडाभर आधीच झाले होते. धाकटीची तारीख मंगळवारची. दोघी एकाच बसनं निघाल्या. धाकटी वाटभर बोलत होती, थोरली खिडकीबाहेर बघत होती. अकराच्या सुमाराला धाकटीचा नंबर लागला, तो नेमका थोरलीच्याच खिडकीवर.

नात्यातलं माणूस समोर आलं तर खिडकी बदलून द्यायची, असा नियम होता. थोरलीनं सुपरवायझर बाईंकडे पाहिलं. त्या फोनवर होत्या. एक हाक मारली असती तरी भागलं असतं. तिनं मारली नाही. "बस," म्हणाली.

"तुमच्याच खिडकीत आले बघा ताई. नशीबच म्हणायचं माझं!" धाकटी खुशीत होती.

डावा हात. लाल. पुन्हा लाल.

याचं कारण थोरलीला बोटं धरताक्षणी कळलं होतं. टोकं गुळगुळीत झालेली, कडेनं बारीक भेगा. साबण, घासणी आणि नऊ वर्षांची भांडी यांनी रेषा पुसून टाकल्या होत्या. थोरलीचे हात ऑफिसचे, म्हणून भांडी धाकटीकडे, हे सासूबाईंनी धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ठरवलं होतं.

याला उपाय होता. ड्रॉवरमध्ये ओल्या पुसण्यांचं पाकीट होतं. बोटं पुसायची, दोन मिनिटं चोळून मऊ करायची, मग वरून बेतानं दाब द्यायचा. दहातल्या आठजणांचे ठसे येतात. कपडे धुणाऱ्या बाया, म्हातारी माणसं, सगळ्यांसाठी थोरली हे रोज करायची. आज तिनं ड्रॉवरला हात लावला नाही.

तिसऱ्यांदाही लाल.

"येत नाहीयेत," ती म्हणाली. "नवी तारीख घ्यावी लागेल."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, दोघांची फाईल एकत्र आहे हो. माझ्यापायी सगळंच अडकेल. काहीच करता येत नाही का?"

"मशीन आहे ते. मशीनला जाऊ-नणंद कळत नाही."

त्या दुपारी थोरली पोटभर जेवली. वर मैत्रिणीच्या डब्यातलंही मागून खाल्लं.

तीनच्या सुमाराला एक गवंडी आला. सिमेंटनं खाल्लेली बोटं. पहिल्याच वेळी लाल पट्टी आली आणि थोरलीचा हात सवयीनं ड्रॉवरकडे गेला. ती त्याची बोटं एकेक करून पुसत होती, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "बाई, परक्यासाठी कोण करतं हो एवढं?"

हिरवी पट्टी आली. थोरलीनं पुसण्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये परत टाकलं नाही, समोरच ठेवलं.

घरी आली तर धाकटी मोरीपाशी उभी होती. नळ सुरू. "माझ्या हातांतच खोट आहे," ती सासूबाईंना सांगत होती.

"हातांत काही खोट नाही," थोरली दारातूनच म्हणाली. "ड्रॉवरमध्ये पुसण्या होत्या. मी काढल्या नाहीत."

"का?"

"पोटात दुखत होतं माझ्या. तू जाणार म्हणून."

धाकटीनं नळ बंद केला. रडली नाही, ओरडलीही नाही. "नऊ वर्षं तुमचं ताट घासतेय मी," म्हणाली आणि हातातली घासणी थोरलीच्या हातात दिली. "नव्या तारखेपर्यंत आता तुम्ही."

सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या. दोघींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं सुपरवायझर बाईंना सगळं लिहून दिलं. मेमो मिळाला आणि महिनाभर झेरॉक्सच्या कोपऱ्यात बदली झाली. घरी तीन आठवडे तिनं भांडी घासली. धाकटी रात्रंदिवस हातांना मलम चोळत बसे आणि कामापुरतं बोले. नव्या तारखेला दुसऱ्या खिडकीवर, दुसऱ्या प्रयत्नात, तिचे दहाही ठसे आले. थोरलीला ते झेरॉक्स मशीनपाशी उभ्याउभ्याच दिसलं. बरं वाटलं आणि सललंही.

चार महिन्यांनी ती दोघं निघाली. सामान गाडीत चढलं, तेव्हा धाकटी जवळ आली.

"ताई, माझा राग गेलेला नाही बरं का."

"राहू दे. माझाही जळफळाट कुठं गेलाय?"

धाकटीला हसू आवरेना. मग थोरलीलाही.

आता दर रविवारी धाकटीचा फोन येतो. ती तिथलं घर दाखवते, रस्ता दाखवते, दाराबाहेरचं झाड दाखवते. थोरली सगळं निरखून बघते, खोदून खोदून विचारते. आणि मग गॅसवर काही नसतानाही म्हणते, "अगं, ठेवते हं, दूध उतू जातंय."