रिकामं मशीन

आमचे अण्णा शिंपी. नुसते शिंपी नाहीत, खडूस शिंपी. माप घेताना कोणी पोट आत ओढलं की टेप गळ्यात टाकून स्वस्थ उभे राहायचे. "श्वास सोडा साहेब. पँट घालून जेवायचंही असतं." गिऱ्हाईक चिडायचं आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच यायचं.

आई गेली तेव्हा मी दूरच्या शहरात होते, एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत. अजूनही तिथेच आहे. अण्णांना म्हटलं, चला माझ्याकडे. त्यांनी साफ उडवून लावलं. मी विषय काढायचा आणि त्यांनी तो झटकायचा, असं बरेच दिवस चाललं. शेवटी वैतागून म्हणाले, "हे बघ, माझं मशीन चालतंय तोवर मला न्यायचं नाव काढायचं नाही. बंद पडलं की म्हणशील तिथे येईन. मुकाट्याने." मी शब्द दिला. देऊन बसले म्हणा हवं तर.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावायचा आणि अण्णांनी तो मशीनच्या फळीवर ठेवायचा, असं ठरूनच गेलं. बोलणं फारसं नसे. ते पाय मारत, मी डबा खात ऐकत बसे. तब्येत विचारली की "मला काय धाड भरलीये?" एवढंच उत्तर. त्यापेक्षा मशीन जास्त बोलायचं. जाड कापड असलं की आवाज दबका. कोपरा आला की थांबा. शिवण संपली की कात्रीची कच्, मग पुढची शिवण. माझा त्या आवाजावर भरवसा होता. शिवाय दुकानासमोरचा न्हावी होताच. त्याला विचारलं की म्हणायचा, "मास्तर ठणठणीत आहेत, ताई!"

एके दिवशी डबा अर्धा झाला तरी कात्री वाजली नाही. मशीन आपलं धावतंय. कुठे थांबणं नाही, वळणं नाही, नुसती मोकळी खडखड. एवढी लांब शिवण कशाची? तंबू शिवायला घेतला की काय, म्हणून मी मनाशी हसले, आणि घास तोंडातच राहिला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी अण्णा जेवायला उठले की मी चोरून मशीनवर बसायचे आणि कापड न घालताच पाय मारत सुटायचे. आतून ओरडा यायचा, "रिकामं चालवू नकोस कार्टे, दाते झिजतात!" सुईखाली कापड पुढे सरकवणारे ते बारीक दाते. त्यांना जिवापाड जपणारा माणूस आज मला ऐकू यावं म्हणून रिकामं मशीन चालवत होता.

मी गप्प बसू शकले असते. बसावंसं वाटलंही, त्यांचा मान राहिला असता. पण ते असं का करताहेत, हे मला कळायलाच हवं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "दाते झिजतील."

मशीन थांबलं.

"कळलं होय," अण्णा म्हणाले.

"तुमचीच मुलगी आहे. कधीपासून चाललंय हे?"

"सुई न्हावी ओवून द्यायचा गं. पण कापड कुठे चाललंय तेच दिसेना. शाळेच्या शिपायाचा सदरा शिवला, तर दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या मी. बोलला नाही तो काही. तसाच घालून फिरतो." मग आवाज उतरला. "भांडला असता तर बरं झालं असतं. मग मी काम घेणंच सोडलं."

"आणि तो न्हावी मला ठणठणीत म्हणून सांगत होता!"

"त्याला काही बोलू नकोस. शपथ मीच घातली होती."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"मी न्यायला येते, अण्णा."

वाटलं, आता ते चिडतील. मला तेच हवं होतं. उभ्या जन्मात या माणसाने मुकाट्याने काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते वाद घालेनात.

"मशीन येईल बरोबर?"

"येईल की."

"तुझ्या खोलीला खिडकी आहे?"

माझ्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. भर दुपारी दिवा लावावा लागतो.

"आहे," मी म्हणाले. "चांगली मोठी आहे."

"मग तिच्यापाशीच ठेवू," अण्णा म्हणाले. "मशीनला उजेड लागतो."