रझियाचं कथील

रझिया आमच्या समोरच्या घरात राहते. तिचे वडील रेशाद आमच्या विसोको गावच्या बाजारात पन्नास वर्षं तांब्याच्या भांड्यांना कल्हई लावायचे. मुलगी म्हणून रझियाच्या वाट्याला फक्त भाता आला. धंदा शिकला तिचा भाऊ नुसरत, आणि तो गेला ऑस्ट्रियाला ट्रक चालवायला. रझियानं चोवीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. मग मिरच्या भाजून बरण्या भरायच्या आणि आठवडी बाजारात विकायच्या, एवढंच उरलं.

गेल्या वर्षी पंचक्रोशीतला शेवटचा कल्हईवाला वारला. त्याच वेळी शेफिकाच्या मुलाचं लग्न ठरलं. चारशे माणसांचा स्वयंपाक ज्या चार हंड्यांत व्हायचा, त्यांचं आतलं तांबं उघडं पडलेलं. शेफिका तडक रझियाकडे आली.

"तू बापाजवळ दहा वर्षं बसलीस. डोळे मिटून बसली होतीस का गं?"

"भाता ओढत होते."

"मग आता माझ्यासाठी ओढ!"

रझियानं परसातली वडिलांची कामाची खोली उघडली. शेगडी होती, सांडशी होती, डब्यात नवसागर होता आणि मेणकापडात गुंडाळलेल्या पांढऱ्या धातूच्या आठ पट्ट्या होत्या. शुद्धतेचा शिक्का एकीवरही नव्हता. हात बसावा म्हणून तिनं आधी शेजारच्या हाशिमाची भाजायची परात घेतली. तापवली, नवसागर टाकला, पट्टी टेकवली, कापसाचा बोळा फिरवला. परात चांदीसारखी लखलखली. हाशिमानं त्याच संध्याकाळी तिच्यात पातळ पोळ्यांत पालक भरून पिटा भाजला आणि गल्लीभर वाटला. मीही दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पट्टी उचलताना रझियाच्या पांढऱ्या एप्रनला घासली आणि पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ उमटली. कथलाची अशी रेघ उठत नाही, शिशाची उठते. वडील म्हणायचे, कथील बोलतं, शिसं गप्प बसतं. तिनं पट्टी कानाशी धरून वाकवली. पट्टी गप्प. दुसरी वाकवली, ती करकरली. म्हणजे हाशिमाच्या परातीला शिसं लागलं होतं.

मग तिला आठवलं. वडील पावसाच्या पन्हाळींचे सांधे डाख देऊन जोडायचेही आणि त्या डाखात निम्मं शिसं असायचं. रंग तोच, पट्टीही तशीच.

ती धावत माझ्याकडे आली. "तुझा कॉफी तोलायचा तराजू दे. आणि मदतीला चल."

"करकरली ना एक? मग ती चांगली," मी म्हटलं.

"थोडं शिसं असलं तरी करकरेल. वजन खोटं बोलत नाही."

अंगणात शेगडी पेटवली. वडिलांच्या पेटीत शुद्ध कथलाचा, शिक्का असलेला एक तुकडा मिळाला. शिवताना बोटात घालायचं लोखंडी टोपण साचा म्हणून घेतलं. त्या तुकड्याचा रस टोपणात काठोकाठ ओतला, निवल्यावर उलटं आपटलं, की एक गोळी बाहेर. मग प्रत्येक पट्टीची तशीच एकेक गोळी. आकार सारखा, म्हणजे जी जड, तिच्यात शिसं. एका पारड्यात शिक्क्याची गोळी ठेवून आम्ही एकेक तोलत गेलो. पाच बरोबर भरल्या. तीन धपकन खाली गेल्या. परातीची पट्टी त्या तिघींतलीच.

मी म्हटलं, "परात गुपचूप मागून घे. पुन्हा लावायचीय म्हणून सांग."

"आणि काल खाल्लं त्यांना काय सांगू?"

ती तशीच, काळ्या हातांनी हाशिमाकडे गेली. मी मागे. हाशिमानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! म्हणजे आता आम्ही मरणार?"

"एका पिट्यानं काही होत नाही. रोज त्यातच भाजलंस तर हळूहळू अंगात भिनतं. ती परात आता जेवणाची नाही."

"बापाचं नाव घालवलंस, रझिया!"

रझिया मागे फिरली. घरी येऊन तिनं स्वतःच्या आईची परात खाली काढली, चांगल्या कथलानं कल्हई लावली, पांढऱ्या फडक्यानं घासून बघितली आणि हाशिमाच्या दारात नेऊन ठेवली. नंतर ती शेफिकाकडे गेली आणि तिलाही सगळं सांगितलं.

शेफिकानं विचारलं, "तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग हंडे तुझ्याकडेच. कधी पाठवू?"

चार हंड्यांना चार दिवस लागले. रझियाच्या भुवया होरपळल्या, पण एकही डाग राहिला नाही. लग्नात त्या हंड्यांत मांस शिजलं, भरलेले कांदे शिजले. आणि हाशिमा? तीच वाढायला पुढे. प्रत्येकाला सांगत होती, "खुशाल खा, ही बाई आधी धातू तोलते, मग भांड्याला हात लावते!"

वसंतात रझियानं बाजारात वडिलांच्या जुन्या दुकानाशेजारी एक गाळा घेतला. नुसरतनं फोनवर आधी हसून घेतलं, मग ऑस्ट्रियाहून शिक्क्याचं कथील पाठवलं. शिसं असलेल्या त्या तीन पट्ट्यांवर तिनं लाल रंगाचे पट्टे ओढले. पन्हाळीचं काम आलं तरच त्या बाहेर निघतात.

आता भंगारवाला झुल्फोही तिच्याकडे येतो. काय आहे ते न कळलेले तुकडे पोत्यातून आणतो. परवा दाराची एक जड, चकचकीत मूठ घेऊन आला. "चांदी असेल का गं?"

रझियानं चुंबक लावून पाहिलं, एका कोपऱ्यावर कानस फिरवली. आत पिवळं निघालं.

"पितळ आहे, वरून मुलामा. बस, कॉफी ठेवते."

झुल्फोचा चेहरा पडला, पण तो बसला. पोत्यात अजून सहा तुकडे होते.