एकाच जागी चुकणं

रेंजवर आज एक नवे गृहस्थ आले होते. एअर रायफलने पाच छर्रे मारून झाल्यावर त्यांनी दोरी ओढून टार्गेटचा कागद जवळ आणला, पाहिला आणि चुरगाळलाच. काळ्या वर्तुळाला एकही छर्रा शिवला नव्हता. पाचही भोकं खाली डावीकडे, एकमेकांना चिकटून बसली होती.

आमच्या कोच मॅडमनी तो बोळा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर सपाट केला.

"अहो काका, फेकताय काय? हात पक्का आहे तुमचा. नेम धरायची साइट तेवढी हललीय." रायफलवरचा बारीक स्क्रू त्यांनी जरासा फिरवला. "आता मारा. पण तसंच मारा हं, काही बदलू नका."

पुढचा छर्रा मधोमध लागला.

मला हा खेळ यासाठीच आवडतो. इथे एखादा छर्रा नशिबाने मध्यावर गेला तर कुणी हुरळून जात नाही. एकाच जागी चुकणाऱ्याला मात्र मान मिळतो, कारण त्याची चूक सापडते. माझे वडील आमटीत मीठ कायम कमी घालायचे. आम्ही न चाखताच वरून चिमूटभर घ्यायचो आणि दोनदा भात मागायचो. मला अशीच माणसं जवळची वाटतात. त्यांच्या चुकांवरसुद्धा भरवसा ठेवता येतो.

निघताना काकांनी मधोमध भोक पडलेला कागद टेबलावरच राहू दिला. चुरगाळलेला मात्र नीट घडी घालून खिशात ठेवला.

मी मनाशी म्हटलं, हे काका इथे टिकणार.